नवे मॉनिटर, जुने कान

मिक्सिंगसाठी, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र बसवण्यासाठी, आधीपेक्षा सरस मॉनिटर स्पीकर आणले, की पहिली काही मिक्स बऱ्याचदा आधीपेक्षा कच्ची निघतात. स्टुडिओत गाणं भरदार वाटतं. तेच गाडीत किंवा हेडफोनवर लावलं की बास गायब झालेला असतो, नाहीतर गाणाऱ्याचा आवाज वाद्यांच्या मागे जाऊन बसलेला असतो. स्पीकर खराब निघाले अशी शंका लगेच येते. बहुतेक वेळा ते व्यवस्थित असतात. विस्कटलेलं असतं ते स्पीकर, खोली आणि मेंदू या तिघांमधलं जुनं गणित, आणि ते पुन्हा जुळायला वेळ लागतो.

मुळात स्पीकरचा दोष मिक्समध्ये उलटा उतरतो. वजनकाटा पाव किलो जास्त दाखवत असेल तर पिशवीत माल पाव किलो कमी पडतो, तसं. एखादा मॉनिटर १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास ४ डेसिबल जास्त वाजत असेल, तर तिथला बास जड वाटतो, आपण तो ईक्यूने (ठरावीक सुरांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापतो, आणि गाणं बाहेर गेल्यावर नेमकं तिथेच पोकळ वाजतं. टोचऱ्या ट्वीटरवर (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागावर) केलेलं मिक्स निस्तेज होतं, मवाळ ट्वीटरवर केलेलं कर्कश होतं. एकाच जोडीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हा उलटा हिशेब पाठ झालेला असतो. आपल्याकडे बास थोडा कमी वाटला म्हणजे बाहेर तो बरोबर बसतो, हे तो बोलून दाखवत नाही, कदाचित त्याच्या लक्षातही आलेलं नसतं; फेडरवरचा (आवाजाच्या सरकपट्टीवरचा) हात योग्य जागी आपोआप थांबतो. नवी जोडी आली की हे सगळं पाठांतर एका दिवसात निरुपयोगी होतं.

या पाठांतराची ताकद पाहायची तर यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरकडे पाहावं. १९७८ मध्ये तो घरात गाणी ऐकण्यासाठी, शेल्फवर ठेवायचा स्पीकर म्हणून बाजारात आला. घरच्या श्रोत्यांना तो फारसा रुचला नाही. बास तोकडा, दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपास ठळक उंचवटा, आणि ट्वीटर इतका टोचणारा की अनेक इंजिनिअर त्यावर टिश्यू पेपर लावत. तरीही पुढची दोन दशकं जगभरच्या व्यावसायिक स्टुडिओंत मिक्सिंग कन्सोलवर हीच पांढऱ्या कोनची (आवाज काढणाऱ्या शंकूची) जोडी दिसत राहिली. १९८७ मध्ये ट्वीटर सौम्य करून खास स्टुडिओसाठीची आवृत्ती निघाली आणि २००१ मध्ये उत्पादन थांबलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या स्पीकरची मोजमापं इतर अनेक निअरफील्ड (जवळून ऐकायच्या) मॉनिटरांच्या मोजमापांशी ताडून पाहिली. फ्रीक्वेन्सीचा आलेख सपाट नव्हताच. पण काळाच्या अक्षावर हा स्पीकर उत्तम निघाला. सिग्नल थांबला की त्याचा आवाजही चटकन थांबत होता, खालच्या सुरांतसुद्धा. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका किती लांब आहे, बास गिटार त्याच्यावर चढते आहे का, हे त्यावर स्वच्छ कळायचं. त्याचे दोष मोठे होते, पण ते कायम सारखेच होते आणि सगळ्यांना ठाऊक होते. मिक्सिंग करणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, असं मला मनापासून वाटतं.

तो चटकन थांबण्याचं एक कारण म्हणजे त्याची पेटी बंद होती. आजच्या बहुतेक छोट्या मॉनिटरांच्या पेटीला पोर्ट, म्हणजे हवेसाठी भोक, असतो. पोर्टमधली हवा एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला घुमते आणि लहान पेटीतूनही खोल बास मिळतो. पण त्याचा मोबदला द्यावा लागतो. बंद पेटीचा बास एका मर्यादेखाली दर सप्तकाला साधारण १२ डेसिबलने उतरतो. पोर्टवाल्या पेटीचा २४ डेसिबलने, म्हणजे कडा तुटल्यासारखा. शिवाय पोर्ट ज्या फ्रीक्वेन्सीला घुमतो, तिथला आवाज किंचित रेंगाळतो. बंद पेटीवरून पोर्टवाल्या जोडीकडे येणाऱ्याला किक जास्त लांब वाटते आणि तो ती आखूड करून टाकतो. चूक पुन्हा उलट्या दिशेने.

आता खोली. नव्या मॉनिटरांबद्दलच्या निम्म्याहून अधिक तक्रारी खरं तर खोलीच्या असतात, असं माझं ठाम मत आहे.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून १०,००० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आत भरते, तर ४० हर्ट्झच्या सुराची साडेआठ मीटर. हा सूर बहुतेक खोल्यांपेक्षा लांब असतो. तो समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येतो आणि ज्या फ्रीक्वेन्सीला खोलीची लांबी बरोबर अर्ध्या तरंगाएवढी असते तिथे खोलीच घुमू लागते. चार मीटर लांब खोलीत ही फ्रीक्वेन्सी सुमारे ४३ हर्ट्झ येते; तीन मीटर असेल तर ५७. त्या सुराला भिंतीपाशी बास फुगतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे सरकवली की वेगळंच मिक्स ऐकू येतं.

समजा, जुने मॉनिटर ६० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवतच नव्हते. म्हणजे त्या चार मीटरच्या खोलीतली ४३ हर्ट्झची घूम तिथे कायम होती, पण तिला कुणी जागं केलं नव्हतं. ४० हर्ट्झपर्यंत उतरणारी नवी जोडी पहिल्याच दिवशी तिला जागं करते. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झच्या आसपासचा असतो. काही सूर दणकून वाजतात, शेजारचे सूर पडतात, आणि ठपका स्पीकरवर येतो. त्याने तर फक्त खोलीत आधीपासून असलेली गोष्ट ऐकवलेली असते.

दुसरा घोळ स्पीकरच्या पाठीमागच्या भिंतीचा. खालचे सूर स्पीकरमधून सगळ्या दिशांना पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परतून पुढच्या आवाजात मिसळतो, आणि जिथे भिंतीपर्यंतचं अंतर पाव तरंगाएवढं असतं, तिथे दोघे एकमेकांना खोडतात. कोनपासून भिंत एक मीटरवर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो. साठ सेंटिमीटरवर असेल तर १४३ च्या आसपास. नवी पेटी जुन्यापेक्षा खोल असेल आणि त्याच स्टँडवर थोडी वेगळी ठेवली गेली, तर हा खड्डा सरकतो. ईक्यूने तो भरता येत नाही, कारण जितका जोर वाढवाल तितकाच जोर खोडणाऱ्या तरंगालाही मिळतो. त्यावर उपाय म्हणजे जागा बदलणं. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ नेला तर खड्डा वरच्या सुरांकडे जातो, जिथे स्पीकरचा आवाज मुख्यतः पुढेच फेकला जातो आणि त्रास कमी होतो. त्यामुळे एकूण बास मात्र फुगतो, आणि तो उतरवण्यासाठीच अनेक मॉनिटरांच्या पाठीवर बटणं दिलेली असतात. ती न पाहताच स्पीकर लावणारे पुष्कळ आहेत.

टेबलाचाही हात असतो. त्याच्या पृष्ठभागावरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त चालून आला, तर त्याला एक मिलिसेकंद उशीर होतो, आणि ५०० हर्ट्झपासून वर ठरावीक अंतराने खड्डे पडत जातात. ट्वीटर कानाच्या उंचीवर, दोन स्पीकर आणि डोकं मिळून समभुज त्रिकोण, आणि शक्य तर स्पीकर टेबलाऐवजी स्टँडवर: या सल्ल्यामागे एवढंच भौतिकशास्त्र आहे. मोजमापाचा माइक आणि खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वीप यांनी हे सगळं अर्ध्या तासात आलेखावर दिसतं. नव्या जोडीवर पहिलं गाणं मिक्स करण्याआधी हे मोजावं. जुन्या जोडीचंही, त्याच जागेवर.

उरला मेंदू. तो जोरात वाजणाऱ्याला चांगलं म्हणतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीचे सूर कानाला सारखे मोठे वाटायला वेगवेगळा जोर लागतो, आणि हा फरक पातळीनुसार बदलतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर असताना ५० हर्ट्झचा सूर तितकाच मोठा वाटायला सुमारे ३८ डेसिबल जास्त लागतात. ८० डेसिबलवर तोच फरक २२ च्या आसपास उरतो. म्हणजे नुसता नॉब फिरवला तरी बासचा तोल बदलतो. जुनी आणि नवी जोडी ताडताना पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेला चाचणीचा सरसराट) लावून दोन्हींची पातळी खुर्चीच्या जागी मीटरने सारखी केली नाही, तर ती तुलना जोराची होते, स्पीकरची नव्हे. आणि दोन्हींमध्ये झटकन बदल करता यायला हवा; आवाजाच्या पोताची नेमकी स्मृती काही सेकंदांतच विरू लागते.

डोळेही ढवळाढवळ करतात. ध्वनी-संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ऐकवले. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण त्यांचा आकार, किंमत आणि कंपनी यांच्याकडे झुकलेले निघाले. पडद्याआड चित्र वेगळं होतं. नवी, देखणी जोडी समोर असताना आपण तटस्थ आहोत असं कुणी समजू नये.

नवे स्पीकर काही दिवस वाजवले की ‘मोकळे होतात’ असं सर्रास सांगितलं जातं. कोनची लवचिक कडा सुरुवातीच्या वापरात थोडी सैल होते हे खरं आहे, पण त्याचा आवाजावरचा परिणाम छोटा असतो. काही आठवड्यांत जो मोठा बदल जाणवतो, तो मुख्यतः ऐकणाऱ्यात होतो.

त्या बदलाची कल्पना यावी म्हणून एक प्रयोग सांगतो. नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठात पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी चार जणांच्या कानांच्या पाळीच्या खळग्यात साचे बसवून कानांचा आकारच बदलला. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आवाज वरून येतो आहे की खालून, हे आपण पाळीच्या वळणांमुळे ओळखतो; साचे बसताच ती ओळख मोडली. पण पुढच्या काही आठवड्यांत, साचे घालूनच वावरताना, ती हळूहळू परत आली. साचे काढल्यावर काय झालं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं: जुन्या कानांनी ते लगेच बरोबर ऐकू लागले. नव्याने शिकलेल्या गोष्टीने जुनी पुसली नव्हती. हा प्रयोग दिशेच्या ज्ञानाचा होता, स्पीकरच्या सुरेलपणाचा नाही. तरी दोन जोड्या शेजारी ठेवून काम करणाऱ्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. म्हणून जुनी जोडी लगेच विकू नये.

नवी जोडी शिकण्याचा चांगला मार्ग म्हणजे मिक्स न करता ऐकणं. तोंडपाठ असलेली, वेगवेगळ्या पद्धतीने मिक्स केलेली काही गाणी, रोज त्याच पातळीवर. व्होकल वाद्यांच्या किती पुढे आहे, स्नेअर ड्रम कुठे चमकतो, बास किकच्या वर बसतो की खाली, एवढंच टिपत जायचं. फोनवरही ऐकावं. फोनचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झचा सूर वाजवू शकत नाही. तरी ८२, १२३, १६४ अशा त्याच्या वरच्या पटींपैकी ज्या शिल्लक राहतात, त्यांवरून मेंदू मूळ सूर ओळखतो. नव्या मॉनिटरांचा खोल बास ऐकून भुललेला माणूस नेमक्या या वरच्या पटी द्यायला विसरतो, आणि बासची ओळ फोनवर गळून जाते.

प्रत्येक मिक्स बाहेर दोन-तीन ठिकाणी वाजवून, करावीशी वाटलेली दुरुस्ती वहीत लिहून ठेवावी: बास दोन डेसिबल वर, व्होकल अर्धा डेसिबल खाली, असं. चार-सहा गाण्यांनंतर नोंदी एकाच दिशेला झुकलेल्या दिसल्या, तर तो झुकाव स्पीकर आणि खोलीचा आहे; तो हाताला शिकवावा किंवा जागा बदलून कमी करावा. नोंदी विखुरलेल्या असतील तर तो त्या त्या गाण्याचा प्रश्न आहे. झुकाव ओसरेपर्यंत मुदतीचं काम जुन्या जोडीवरच पूर्ण करावं आणि नव्या जोडीवर फक्त तपासून पाहावं.