रेकॉर्डेबल डीव्हीडीवर मावणारा व्हिडिओ

कोऱ्या डीव्हीडीच्या कव्हरवर ४.७ जीबी आणि १२० मिनिटं असं दोन्ही छापलेलं असतं, पण त्यातला पहिला आकडाच खरा डिस्कचा, दुसरा नुसता अंदाज. डिस्कवर डेटा मोजूनमापून मावतो, आणि एका सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा द्यायचा म्हणजे बिटरेट किती ठेवायचा ते आपण ठरवतो, मिनिटं त्यावरून निघतात.

हिशोब सोपा आहे. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट, एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून गुणिले आठ म्हणजे ३,७६० कोटी बिट, त्याला दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनी भागलं की साधारण ५.२ एमबीपीएस (सेकंदाला ५२ लाख बिट) येतात, आणि यातच आवाज पण बसवायचा असतो. तासाभराचंच असेल तर डीव्हीडी व्हिडिओची कमाल मर्यादा, म्हणजे चित्र आवाज सगळं धरून १०.०८ एमबीपीएस, जवळपास गाठता येते आणि पिक्चर एकदम स्वच्छ येतं. टीव्हीला जोडायच्या रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे मोड असायचे ते हेच, साधारण १, २, ४ आणि ६ तास. विंडोज कॉम्प्युटरला कोरी डिस्क ४.३७ जीबीच्या आसपास दिसते म्हणून बरेच जण फसवल्यासारखं मानतात, पण तसं काही नाही, कंपनी जीबी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने.

सगळ्यात जास्त घोळ लग्नाच्या शूटिंगमध्ये व्हायचा. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, पंगत, पाठवणी धरून चार तास होतात आणि घरच्यांना सगळं एकाच डिस्कवर हवं असतं, मग बिटरेट २.६ एमबीपीएसवर येतो. वधूवर स्टेजवर शांत उभे असतात तोपर्यंत चालून जातं, पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडायला लागल्या की अख्ख्या फ्रेमभर बारीक हालचाल होते आणि नेमक्या त्याच क्षणाला चित्राचे चौकोन चौकोन दिसतात. जो क्षण आयुष्यभर बघायचा तोच खराब होतो याचं फार वाईट वाटतं, म्हणून दोन डिस्क कराव्यात किंवा ८.५ जीबीची ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांची डिस्क घ्यावी, निदान व्हेरिएबल म्हणजे प्रसंगानुसार कमीजास्त होणारा बिटरेट दोन पासमध्ये (आधी सगळा व्हिडिओ तपासून मग लिहिणं) तरी करावा म्हणजे शांत प्रसंगात वाचलेला डेटा अक्षतांना मिळतो.

त्याआधीच्या व्हीसीडीत, म्हणजे साध्या सीडीवरच्या व्हिडिओत, बिटरेट आपण ठरवायची सोय नव्हती, तिथे चित्राचा बिटरेट १.१५ एमबीपीएस ठरलेलाच, साइज ३५२ बाय २८८ पिक्सेल, त्यामुळे ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटंच, आणि अडीच तासांच्या सिनेमाला दोन डिस्क लागायच्या. ७०० एमबीच्या सीडीवर व्हीसीडीचा मात्र जवळपास ८०० एमबी डेटा बसतो, कारण व्हिडिओसाठी चूक दुरुस्तीचा जादा डेटा कमी केलेला असतो.

मिनी डीव्ही टेपवरून (कॅमकॉर्डरची छोटी डिजिटल कॅसेट) कॉम्प्युटरवर घेतलेली मूळ फाइल तासाला सुमारे १३ जीबी होते, ती तशीच डेटा म्हणून टाकली तर एका डीव्हीडीवर जेमतेम वीस मिनिटं. ब्लू-रेच्या २५ जीबी डिस्कवर २४ एमबीपीएसचं एचडी शूटिंग सव्वादोन तासांच्या वर बसतं.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेलाच बोटं, ओरखडे जास्त लागतात, त्यामुळे काठोकाठ न भरता शेवटचे शंभर दोनशे एमबी मोकळे ठेवलेले बरे.