निकालातला नफा धंद्याचा की गुंतवणुकीचा?

अमेरिकी टेक कंपन्यांचे शेअर किंवा त्यांत पैसे लावणारे फंड असलेले आमचे ग्राहक तिमाही निकाल लागले की विचारतात, “नफा दुप्पट झालाय, आणखी घ्यायचे का?” अशा वेळी आम्ही आधी निकालपत्रकातला ऑपरेटिंग नफा (रोजच्या धंद्यातला नफा) आणि त्याखालची ‘अदर इन्कम’ची (गुंतवणुकीसारख्या धंद्याबाहेरच्या नफ्या-तोट्याची) ओळ पाहतो.

अ‍ॅमेझॉनचंच घ्या. २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत निव्वळ नफा १४.३ अब्ज डॉलर, आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ७.२ अब्ज. पण या नफ्यात करापूर्वीचे ११.८ अब्ज डॉलर रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीतल्या हिश्श्याचं मूल्य वाढल्याचे होते. रिव्हियन नोव्हेंबरमध्ये शेअर बाजारात आली, त्या भावाने वाढ वहीत मांडली गेली. वस्तूंची विक्री, क्लाउड, जाहिराती या रोजच्या धंद्याचा ऑपरेटिंग नफा मात्र ६.९ अब्जांवरून ३.५ अब्जांवर आला होता.

पुढच्याच तिमाहीत रिव्हियनचा भाव गडगडला. ७.६ अब्जांचा फटका बसून अ‍ॅमेझॉनला ३.८ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला. त्या तिमाहीतला ऑपरेटिंग नफा? ३.७ अब्ज. धंदा जवळपास होता तिथेच होता. पहिला निकाल बघून हुरळून घेतलेला आणि दुसरा बघून घाबरून विकलेला शेअर, दोन्ही निर्णय रिव्हियनच्या भावावर झाले.

यात लपवाछपवी काही नाही. रिव्हियनचा आकडा कंपनीने स्वतःच निकालाच्या निवेदनात दिला होता. गुंतवणुकीतल्या शेअरची चढ-उतार, ते विकले नसले तरी, नफ्या-तोट्यात दाखवायची, असा अमेरिकेत २०१८ पासूनचा नियमच आहे.

बाजारात नसलेल्या कंपनीतला हिस्सा असेल तर जास्तच जपून. तिथे रोजचा भाव नसतो. नव्या गुंतवणूकदाराने चढ्या दराने शेअर घेतले की जुन्या हिश्श्याचंही मूल्य वाढवलं जातं. गूगलची मूळ कंपनी असलेल्या अल्फाबेटच्या २०२५ च्या पहिल्या तिमाहीत अशा एका खासगी कंपनीपोटी ८ अब्ज डॉलरची वाढ नफ्यात धरली होती.

पीई (शेअरचा भाव भागिले गेल्या चार तिमाहींचा प्रति शेअर नफा) बघून शेअर स्वस्त ठरवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. अशा एका तिमाहीने ईपीएस, म्हणजे प्रति शेअर नफा, फुगतो आणि वर्षभर पीई कमी दिसत राहतो. कॅश फ्लोच्या, म्हणजे रोख पैशाच्या आवक-जावकीच्या, तक्त्यात ही वाढ नफ्यातून वजा केलेली दिसते, तोही जरूर पाहा.

आपल्याकडच्या शेअरचं निकालपत्रक घेऊन कार्यालयात या, या ओळी आपण एकत्र बसून पाहू.