चालतंय ना, मग ऑपरेटिंग सिस्टीम कशाला बदलायची?

छोट्या आयटी कंपनीत ऑपरेटिंग सिस्टीम बदलायचा विषय निघाला की मालकाकडून पहिला प्रश्न ठरलेला येतो: "चालतंय ना सगळं? मग हात कशाला लावायचा?" प्रश्न अडाणीपणाचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी तो विचारला असता, तर संगणक सांभाळणाऱ्याकडे धड उत्तर नसतं. आज उत्तर असतं, आणि ते एका तारखेच्या रूपात येतं. विंडोज १० साठी ती तारीख, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबण्याची, होती १४ ऑक्टोबर २०२५. पण ऑपरेटिंग सिस्टीमला मुदत असते, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही.

विंडोज ९५ आली २४ ऑगस्ट १९९५ ला. लोकांनी ती हौसेनं घेतली, मध्यरात्री दुकानांसमोर रांगा लावून घेतली. कंपन्यांनी घेतली ती नवे प्रोग्रॅम जुन्यावर चालेनात म्हणून. जुनी विंडोज ठेवली तर धोका आहे, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, कारण बहुतेक संगणक एकेकटे टेबलावर बसलेले असायचे. आतल्या चुकीचा फायदा घ्यायचा तर माणसाला समोर येऊन बसावं लागे किंवा फ्लॉपी घालावी लागे.

संगणक दिवसरात्र नेटला जोडलेले राहू लागले आणि हे गणित फिरलं. नेटवरून आपोआप पसरणारे विषाणू एकामागून एक आले: जुलै २००१ मध्ये कोड रेड, सप्टेंबरात निमडा, जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर, ऑगस्टमध्ये ब्लास्टर. यातला ब्लास्टर ज्यांनी निस्तरला, त्यांना त्याची ती छोटी चौकट अजून आठवत असेल: संगणक ६० सेकंदांत बंद होणार, आणि खाली उलटी मोजणी. दुरुस्ती उतरवायला नेट हवं, आणि नेट जोडलं की पुन्हा मोजणी सुरू. मग काळ्या खिडकीत घाईघाईनं शटडाउन रद्द करायची आज्ञा टाइप करायची आणि तेवढ्यात पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, उतरवून घ्यायचा.

यातली खरी मेख तारखांमध्ये आहे. ब्लास्टर पसरला ११ ऑगस्टला, पण तो ज्या छिद्रातून घुसत होता ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १६ जुलैलाच दिला होता. स्लॅमरच्या बाबतीत तर पॅच सहा महिने आधी आलेला होता. म्हणजे औषध होतं, घेतलं नव्हतं.

याच काळात मायक्रोसॉफ्टची चाल बदलली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की नवी वैशिष्ट्यं आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. ऑक्टोबर २००३ पासून पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायची पद्धत पडली, ती आजही चालू आहे. आणि या दोन्हींच्या मध्ये, ऑक्टोबर २००२ मध्ये, कोणत्या उत्पादनाला किती वर्षं आधार मिळणार याचं धोरण ठरलं. २००४ मध्ये व्यावसायिक उत्पादनांसाठी ते किमान दहा वर्षांचं झालं: पहिली पाच वर्षं पूर्ण आधार, पुढची पाच सुरक्षेच्या दुरुस्त्या. मालकाच्या प्रश्नाचं उत्तर जन्माला आलं ते इथं.

मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडतो असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू होतो, आणि म्हणूनच कुणाला निकड वाटत नाही. पण पॅच हे दुधारी प्रकरण आहे. पॅच आला की हल्लेखोर आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघतात, आणि त्यावरून छिद्र कुठे होतं ते त्यांना कळतं. नव्या विंडोजचा बराचसा गाभा जुन्या विंडोजमधूनच आलेला असतो. त्यामुळे नव्या आवृत्तीला मिळणारी प्रत्येक दुरुस्ती म्हणजे जुन्या आवृत्तीच्या बंद न होणाऱ्या दाराचा पत्ता. दर महिन्याला असे पत्ते साठत जातात.

तरीही लोक थांबतात, आणि त्यामागे विंडोज एक्सपीचा मोठा हात आहे. २५ ऑक्टोबर २००१ ला आलेली एक्सपी ८ एप्रिल २०१४ पर्यंत टिकली, साडेबारा वर्षं. मधली विंडोज व्हिस्टा घरच्या ग्राहकांपर्यंत यायलाच जानेवारी २००७ उजाडला. ती जड होती, जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर तिच्यावर चालेनात, आणि पावलोपावली परवानगी मागायची. छोट्या कंपन्यांनी तिच्यावर सरळ फुली मारली. पावणेतीन वर्षांनी विंडोज ७ आली आणि थांबणाऱ्यांचं बरोबर होतं असंच ठरलं. 'एक आवृत्ती सोडून पुढची घ्यायची' हा कानमंत्र तेव्हापासून रूढ झाला. पुढे विंडोज ८ च्या वेळी तो पुन्हा खरा ठरला, त्यामुळे त्यावरचा विश्वास आणखी पक्का झाला.

दुसरं कारण कोपऱ्यातला संगणक. प्रत्येक कंपनीत असा एक असतोच. त्याच्या मागं डाँगल (परवान्याची छोटी किल्ली) खोचलेलं असतं, त्यावर कुणीतरी कधीतरी लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, आणि लिहिणारा आता कुठे आहे कुणालाच माहीत नसतं. फार जुने, १६ बिटांचे प्रोग्रॅम ३२ बिटांच्या विंडोजवर चालतात, ६४ बिटांच्या विंडोजवर नाही. विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीत त्यासाठीच एक्सपीची एक प्रतिकृती आत चालवायची सोय दिली होती. विंडोज ११ ची तर ३२ बिटांची आवृत्तीच नाही. बाकीचे वीस संगणक एका शनिवार-रविवारी बदलून होतात, घोडं पेंड खातं ते या एकाजवळ.

वाट बघण्याची किंमत १२ मे २०१७ ला सगळ्यांना दिसली. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा विषाणू पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्याच दिवशी, मुदत संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. या घटनेवरून 'एक्सपीमुळे घात झाला' असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. विंडोज ७ ची मुदत तेव्हा शिल्लक होती आणि तिचा पॅच १४ मार्चलाच आलेला होता. आजार अंगावर काढावा तसे लोकांनी अपडेट अंगावर काढले होते. मुदतीतली सिस्टीम असणं आणि तिला पॅच लावलेले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारखेच्या गदारोळात हे विसरलं जातं.

विंडोज १० म्हणजे हा सगळा तिढा सोडवण्याचा प्रयत्न होता. २९ जुलै २०१५ ला ती आली ती विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर मोफत. मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसानं तिला 'विंडोजची शेवटची आवृत्ती' म्हटलं होतं. आता एकदम उडी नाही, थोडं थोडं सतत बदलत राहायचं, अशी कल्पना. मायक्रोसॉफ्टचा उत्साह जरा जास्तच होता: २०१६ मध्ये अपग्रेडच्या खिडकीवरची फुली दाबली तरी तो होकार धरला जात होता. ऑक्टोबर २०१८ चं अपडेट काही लोकांच्या फाइल्स पुसू लागल्यामुळे मागं घ्यावं लागलं. अपडेट म्हटलं की 'आठवडाभर थांबू' म्हणणाऱ्यांना मी तरी दोष देत नाही.

शेवटची आवृत्ती शेवटची राहिली नाही. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आली आणि आधी न घातलेल्या अटी घेऊन आली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणं) करू शकणारं यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डावरचा नवा प्रोग्रॅम, हवं, आणि प्रोसेसर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचा हवा. मेमरीची अट फक्त ४ जीबी. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेला, १६ जीबीचा, एसएसडी घातलेला, पळणारा संगणक नापास, आणि त्याच्या निम्म्या वेगाचा नवा स्वस्त लॅपटॉप पास.

प्रत्यक्षात यादी करायला बसलं की वेगळंच निघतं. आमच्याकडे नापास दाखवलेल्यांपैकी सहा संगणकांत टीपीएम होतंच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद होतं. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी या नावाखाली सापडतं, एएमडीवर एफटीपीएम. काहींच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती विंडोजमधल्याच साधनानं डेटा न पुसता यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी पद्धतीची करता आली. एका लॅपटॉपवर मात्र मी बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजमधली सोय) तात्पुरता थांबवायला विसरलो. सुरू करताच निळा पडदा आला आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागला. ती की होती नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात. फोन करून, एकेक आकडा ऐकत टाकला. त्या दिवसापासून सगळ्या कीज कंपनीच्या ताब्यात आहेत.

लिनक्सकडे जाणं हा पर्याय आहेच, आणि डेव्हलपरांच्या संगणकांवर तो चांगला चालतो. पण तिथं मुदत नाही हा गैरसमज. उबुंटू या लिनक्सच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला नेहमीचा आधार पाचच वर्षं मिळतो. सेंटओएस ८ या दुसऱ्या लिनक्सची तर २०२९ पर्यंत सांगितलेली मुदत डिसेंबर २०२० मध्ये एका घोषणेनं २०२१ च्या अखेरीवर आणली गेली.

ज्यांना विंडोज १० सोडणं जमत नाही, अशा कंपन्यांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या घेता येतात. दर मात्र दर वर्षी दुप्पट होतो, आणि दुसऱ्या वर्षी घ्यायचं ठरवलं तर पहिल्या वर्षाचेही पैसे मोजावे लागतात. आमचा कोपऱ्यातला संगणक सध्या या वाढीव मुदतीवर आहे. त्याचं पहिलं वर्ष १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतं. बाकीच्यांवर विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती बसवली आहे, आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच मिळतात. तिचीही शेवटची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ च आहे.