खिळे मोडले, आवृत्ती कोणती?

बडोद्यात दांडिया बाजारातलं मामांचं घर रिकामं करताना कवितेची बारीक बारीक पुस्तकं पोतंभर निघाली. त्यांतली पहिल्या आवृत्तीची कोणती, हे ओळखणं मोठं किचकट. कवितेच्या पुस्तकावर ‘आवृत्ती पहिली’ असं छापायचं बऱ्याच जणांना सुचतच नसे. दुसरी निघेल अशी आशा खुद्द कवीला तरी कुठे असायची!

बडोद्याला कवितेचं हे वेड जुनंच. पुरुषोत्तम चित्रे १९४३ पासून इथून ‘अभिरुची’ मासिक काढत. मर्ढेकरांची उंदरांची कविता गाजली ती त्यातूनच. चित्र्यांचे चिरंजीव दिलीप, जन्म इथलाच, १९३८चा. त्यांनी अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर १९५४ साली मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून, म्हणजे छापखान्याविना, स्टेन्सिलवरून प्रती काढून. पुढे १९७६ साली कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी ‘क्लीअरिंग हाऊस’ ही प्रकाशनसंस्था काढून आपलीच चार इंग्रजी पुस्तकं छापली. कोलटकरांचं ‘जेजुरी’ त्यातलंच. नंतरच्या काही आवृत्त्या अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाच्या. म्हणून ‘प्रास’ची प्रत कितीही पिवळी पडलेली असो, ती पहिली नव्हे. उलट ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे १९७७चं मराठी पुस्तक मुळातच ‘प्रास’चं.

साल छापलेलं नसेल तर मी आधी किंमत बघतो. आणे असतील तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७च्या आधीचं, ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४च्या मधलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२च्या अलीकडचं. शके दिलं असेल तर ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुन असेल तर ७९. अनुस्वारही बोलतात. मर्ढेकरांचा १९४७चा संग्रह ‘कांहीं कविता’ होता. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी त्यातले दोन्ही टिंब गेले.

पण खरी गंमत खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांची. लहान छापखान्यात टाइप मोजका. एक फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, छापून झाला की जुळणी मोडून तेच खिळे पुढच्या फर्म्याला लागत. दुसरी आवृत्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळणी; जुन्या चुका जायच्या, नव्या यायच्या. त्यामुळे शेवटी चिकटवलेलं शुद्धिपत्र हे मला पहिलेपणाचं सगळ्यात विश्वासाचं लक्षण वाटतं.

फसवणारा प्रकार वेगळाच. न खपलेले फर्मे बांधणीवाल्याकडे तसेच पडून राहत आणि काही वर्षांनी नवं मुखपृष्ठ, नवी किंमत लावून बाजारात येत. मामांची एक प्रत अशीच आहे. मुखपृष्ठावर गुळगुळीत ऑफसेट छपाई, आत मात्र पानामागून बोट फिरवलं की दाबून छापलेल्या खिळ्यांचे उंचवटे लागतात. किमतीवर चिठ्ठी चिकटवलीय. दिव्यासमोर धरली की खालचे ‘१ रु. ८ आ.’ स्वच्छ दिसतात.