माल अडला, माणसं नाही : आयर्लंड, ब्रिटन आणि ब्रेक्झिटमागची शंभर वर्षं

डब्लिनहून विमानाने लंडनला उतरलेल्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये पासपोर्टची रांग लागत नाही. बॅग उचलायची आणि बाहेर पडायचं. त्याच दिवशी इंग्लंडमधल्या एखाद्या गोदामातून डब्लिनला निघालेल्या ट्रकचे कस्टमचे कागद मात्र बोटीत चढण्याआधी तयार असावे लागतात. आत चीज किंवा मांस असेल तर आरोग्य दाखल्यावर पशुवैद्यकाची सही लागते. एक कागद चुकला तर डब्लिन बंदरात अख्खा ट्रक बाजूला घेतला जातो. २०२० संपेपर्यंत यातलं काहीच नव्हतं.

ब्रेक्झिटचा व्यापारावर आणि विमानप्रवासावर काय परिणाम, असा प्रश्न आपण एका दमात विचारतो. आयर्लंड आणि ब्रिटन या शेजाऱ्यांपुरतं तरी ते एकाच गाठोड्यात बांधून चालत नाही. माणसांची ये-जा, मालाची ने-आण आणि विमानांची उड्डाणं या तिन्हींचा पाया वेगळा आहे. माणसांच्या ये-जेची सोय युरोपीय संघ जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची. बाकी दोन गोष्टी संघाच्या नियमांवर उभ्या राहिलेल्या. ब्रिटन संघातून निघाला तेव्हा कुठला खांब हलणार आणि कुठला नाही, हे शंभर वर्षांच्या इतिहासाने आधीच ठरवून ठेवलं होतं.

तो इतिहास १९२२ पासून सुरू होतो. त्या वर्षी आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं. बेटाचा ईशान्येकडचा तुकडा, म्हणजे उत्तर आयर्लंड, ब्रिटनकडेच राहिला. नव्या सीमेवर माणसांची तपासणी करणं दोन्ही सरकारांना परवडणारं नव्हतं. शेतं, चर्च, नातीगोती सगळं सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. म्हणून एकमेकांच्या नागरिकांना अडवायचं नाही, अशी व्यवस्था दोन्ही प्रशासनांनी आपापसात लावली. तिलाच आज कॉमन ट्रॅव्हल एरिया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ती थांबली, १९५२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात, १९४९ साली, आयर्लंड प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुलातून बाहेर पडला. तरीही ब्रिटिश संसदेने कायदा करून सांगितलं की आयर्लंडला परदेश मानलं जाणार नाही. आयर्लंडच्या स्वातंत्र्यावरून एकमेकांशी लढलेले दोन देश ही एक गोष्ट मात्र मोडायला तयार नव्हते. पोटासाठी लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडन गाठणारी आयरिश माणसं तेव्हा दर वर्षी हजारोंनी जात होती, आणि ब्रिटनलाही रस्ते बांधायला मजूर आणि इस्पितळांना परिचारिका हव्याच होत्या.

मालाच्या बाबतीत असा समजूतदारपणा कोणी दाखवला नाही. १ एप्रिल १९२३ रोजी सीमेवर कस्टमची चौकी बसली आणि पुढची सत्तर वर्षं उठली नाही. ठरलेल्या मोजक्या रस्त्यांवरूनच माल न्यायचा, बाकीच्या रस्त्यांवरून नेला तर गुन्हा. लोणी, साखर, चहा, गुरं, सगळ्याची तस्करी होऊ लागली. १९३२ मध्ये आयर्लंडमध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि त्यांनी जमीन खरेदीच्या जुन्या कर्जाचे हप्ते ब्रिटनला द्यायचं बंद केलं. ब्रिटनने आयरिश गुरांवर आणि शेतमालावर जबर जकात लावली. आयर्लंडने ब्रिटिश कोळशावर आणि इतर मालावर लावली. आयर्लंडची जवळजवळ सगळी निर्यात एकाच गिऱ्हाइकाकडे जात होती, त्यामुळे मार कोणाला बसला हे सांगायला नको. वासरांना भाव उरला नाही. सरकारने वासरं मारून कातडी आणून देणाऱ्यांना पैसे देण्याची योजना काढली. दुभत्या जनावरांवर जगणाऱ्या देशात ही वेळ यावी, यावरून शेजाऱ्याशी बिनसलं की काय होतं ते कळतं. हे आर्थिक युद्ध १९३८ च्या कराराने मिटलं, पण त्याची आठवण आयरिश शेतकऱ्यांच्या घराघरांत राहिली.

पुढे १९६५ साली दोन्ही देशांत मुक्त व्यापाराचा करार झाला आणि १ जानेवारी १९७३ रोजी दोघे एकाच दिवशी युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, गेले. हा योगायोग नव्हता. ब्रिटन आत आणि आपण बाहेर, किंवा उलट, हे आयर्लंडला झेपलंच नसतं. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनला दोनदा दार बंद केलं तेव्हा आयर्लंडही बाहेरच थांबला. आत गेल्यावर जे झालं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं: ब्रिटनशी जोडून राहण्यासाठी आयर्लंड युरोपात गेला आणि युरोपात जाऊन ब्रिटनवरच्या अवलंबित्वातून सुटला. १९७३ मध्ये आयर्लंडची निम्म्याहून जास्त निर्यात ब्रिटनला जात होती. २०१६ पर्यंत हा वाटा आठव्या हिश्श्याच्या आसपास आला. औषधं, संगणक, वैद्यकीय उपकरणं अमेरिकेला आणि युरोपला जाऊ लागली.

शेतमाल मात्र ब्रिटनकडेच जात राहिला. गोमांस आणि चेडर चीजसाठी सर्वांत मोठं गिऱ्हाईक ब्रिटन, मश्रूम तर जवळजवळ सगळे तिकडे. चेडर फ्रान्स-जर्मनीत कोणी फारसं खात नाही, त्यामुळे ब्रिटनचा बाजार गेला तर तेच चीज दुसरीकडे खपवता येत नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि पौंड घसरला. कस्टमचा एक कागदही बदलला नव्हता, तरी त्याच वर्षी काही आयरिश मश्रूम उत्पादकांना धंदा गुंडाळावा लागला. विक्रीचे दर आधीच पौंडात ठरलेले होते, खर्च युरोत होता आणि नफा अगदी थोडा होता.

१ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकल बाजारपेठ सुरू झाली आणि सीमेवरचं कस्टम उठलं. उत्तर आयर्लंडमधला सशस्त्र संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर लष्करी नाकीही गेली. सुमारे ५०० किलोमीटरच्या या सीमेवर दोनशेहून अधिक रस्ते आहेत. आज गाडी चालवताना सीमा ओलांडली हे कळतं ते वेगमर्यादेच्या पाटीवर मैलांऐवजी किलोमीटर दिसले म्हणून. या मोकळ्या सीमेवर पाव शतकात केवढा व्यवहार उभा राहिला, ते दुधावरून पाहता येतं. उत्तर आयर्लंडमधल्या गोठ्यांतलं साधारण एक तृतीयांश दूध दक्षिणेतल्या कारखान्यांत जातं. तिथे ते दक्षिणेच्या दुधात मिसळतं आणि त्याची भुकटी, लोणी, चीज होतं. गिनेस बिअर डब्लिनमध्ये बनते, टँकरने बेलफास्टला जाऊन डब्यांत आणि बाटल्यांत भरली जाते आणि निर्यातीसाठी परत डब्लिनला येते. दोन्ही दुधं एकदा टाकीत पडली की त्यांची फाळणी कशी करणार? ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत सीमेचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला, त्यामागे ही रोजची देवाणघेवाण होती.

आणि त्याहून जुनी एक भीतीही होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपीय नेत्यांच्या बैठकीला आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर एक जुनं वर्तमानपत्र घेऊन गेले. उत्तर आयर्लंडमधल्या, सीमेजवळच्या न्यूरीच्या कस्टम कचेरीत १९७२ साली झालेल्या बॉम्बस्फोटाची बातमी त्यात होती. त्यात नऊ जण मेले होते. सीमेवर पुन्हा चौकी आली तर पुन्हा तिच्यावर हल्ले होतील, हे त्यांना टेबलावर दाखवायचं होतं. वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर. २०१९ च्या डिसेंबरात लिओ कुटुंबासह त्या गावी येऊन गेले. आपल्याकडे त्या वेळी कौतुक झालं ते आडनावाचं. खरं तर त्याच्या अडीच महिने आधी, १० ऑक्टोबरला, इंग्लंडमधल्या विरल भागात बोरिस जॉन्सन यांच्याशी त्यांची जी भेट झाली, तिच्यातून अडलेला करार मोकळा झाला होता. कस्टमची रेषा जमिनीवरच्या सीमेऐवजी आयरिश समुद्रात ओढायची, ही तडजोड तिथून पुढे आली. उत्तर आयर्लंडमधल्या युनियनिस्टांना, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू इच्छिणाऱ्यांना, ती आपली फसवणूक वाटली आणि तो राग अजून पूर्ण निवळलेला नाही. ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क या समझोत्याने तिची धार कमी केली, एवढंच.

विमानांची गोष्ट निराळी आहे. व्यापाराचा करार झालाच नाही, तरी जागतिक व्यापार संघटनेचे नियम असतात. जकात भरून माल जातोच. विमानांना असा आधार नसतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार एका देशाचं विमान दुसऱ्या देशात नियमित सेवा देतं ते त्या देशाची परवानगी असेल तरच. करार नाही तर उड्डाण नाही.

डब्लिन-लंडन मार्गावर ही परवानगी सुरुवातीला दोन सरकारं आणि त्यांच्या दोन लाडक्या कंपन्यांच्या मुठीत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परतीचं विनाअट तिकीट २०० पौंडांच्या पुढे. सामान्य माणूस डब्लिनजवळच्या डन लेअरीहून वेल्समधल्या होलीहेडची बोट पकडायचा आणि पुढे रात्रभर रेल्वेत बसायचा. १९८४ मध्ये आयरिश सरकारने तर असं विधेयक आणलं की सवलतीत विमानाचं तिकीट विकणाऱ्या एजंटला दंड आणि तुरुंगवास व्हावा. त्यावर संसदेत आणि बाहेर एवढा गदारोळ झाला की धोरणाची दिशाच फिरली. २३ मे १९८६ रोजी रायनएअर या आयरिश कंपनीने डब्लिनहून लंडनजवळच्या लुटनला उड्डाण सुरू केलं, तिकीट निम्म्याहून कमी. काही वर्षांत या मार्गावरचे प्रवासी दुपटीपेक्षा जास्त झाले. त्या दशकात बेकारीला कंटाळून लंडनला गेलेल्या मुलांना नाताळला घरी येणं परवडू लागलं, याचं मोल आकड्यांत सांगता येत नाही.

युरोपने १९८७ ते १९९२ दरम्यान तीन टप्प्यांत हेच धोरण सगळीकडे नेलं. १९९७ पासून सदस्य देशाची कंपनी दुसऱ्या सदस्य देशाच्या आतही उडू शकली. अट एकच: कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी आणि नियंत्रण युरोपीयांच्या हातात हवं. रायनएअर ब्रिटनमध्ये एवढी फोफावली ती या नियमावर.

म्हणूनच २०१७ पासून रायनएअरचे प्रमुख मायकेल ओ'लिअरी विमानं जमिनीवर उभी राहतील असं सांगत होते. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. ब्रिटनच्या ईझीजेटने व्हिएन्नात नवी कंपनी काढली. रायनएअरने उलट दिशेने ब्रिटनचा परवाना घेतला, आणि २०२१ च्या सुरुवातीपासून आपल्या ब्रिटिश भागधारकांचा मताधिकार गोठवला, नाहीतर मालकीची अट मोडली असती. २४ डिसेंबर २०२० च्या करारात ब्रिटन आणि संघ यांच्यामधली उड्डाणं वाचली. दुसऱ्याच्या हद्दीत अंतर्गत उड्डाण करण्याचा हक्क मात्र गेला.

हा हक्क गेल्याचा अर्थ काय, ते बेलफास्टमध्ये दिसतं. डब्लिन आणि बेलफास्टमध्ये मोटारीने दोन तासांचं अंतर. एर लिंगस या आयरिश कंपनीचं विमान डब्लिनहून हीथ्रोला कितीही वेळा जाऊ शकतं, कारण ती आंतरराष्ट्रीय सेवा. बेलफास्ट-हीथ्रो मात्र ब्रिटनची अंतर्गत सेवा. आयरिश नोंदणीची विमानं तिथे चालवणं नियमात बसेना, म्हणून २०२३ च्या मार्चअखेर एर लिंगसने तो मार्ग सोडला आणि त्याच समूहातल्या ब्रिटिश एअरवेजने घेतला. ज्यांची तिकिटं आधीच काढलेली होती, त्यांना ब्रेक्झिट म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं.

समुद्रावरही वाटा बदलल्या. पूर्वी आयरिश ट्रक बोटीने होलीहेडला उतरून वेल्स-इंग्लंड आडवं कापत डोव्हरहून फ्रान्स गाठायचे, वीसेक तासांत. जानेवारी २०२१ पासून आयर्लंडच्या रॉसलेअरहून थेट फ्रान्समधल्या डंकर्कला जहाजं सुरू झाली. साधारण चोवीस तास लागतात, पण कस्टम लागत नाही आणि चालकाची सक्तीची विश्रांती बोटीतच होते. त्या जानेवारीत ग्रेट ब्रिटनमधून आयर्लंडमध्ये येणारा माल आधीच्या वर्षीच्या तुलनेत ६५ टक्क्यांनी घटला. त्याउलट २०२१ मध्ये उत्तर आयर्लंडमधून दक्षिणेत येणारा माल ६५ टक्क्यांनी वाढला. तरीही ब्रिटनची वाट सुटलेली नाही. डिसेंबर २०२४ च्या वादळात होलीहेड बंदर ऐन नाताळात बंद पडलं, तेव्हा आयर्लंडमधली पार्सलं आणि घरी निघालेली माणसं दोन्ही अडकली.

माणसांच्या ये-जेला मात्र दोन्ही सरकारांनी मे २०१९ मध्ये सामंजस्य करार करून पुन्हा दुजोरा दिला. युरोपातल्या पासपोर्ट-तपासणीविना प्रवासाच्या शेंगेन व्यवस्थेत आयर्लंड कधी गेला नाही तोही यासाठीच. तिथे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाने एक लक्षात ठेवावं: ही मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांची आहे, आपली नाही. लंडनच्या विमानतळावर डब्लिनहून येणाऱ्याचा पासपोर्ट कोणी पाहत नाही, म्हणून व्हिसाची गरज संपत नाही. डब्लिनला उतरताना तर तपासणी होतेच. भारतीय नागरिकांसाठी दोन्ही देशांची एक संयुक्त योजना २०१५ पासून आहे. अल्पकालीन व्हिसावर तिचा 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. शेरा नसेल तर तिकीट काढण्याआधी चौकशी करावी.

मालाचं काय व्हायचं ते अजून ठरतं आहे. आयरिश मालावरची तपासणी ब्रिटनने पुन्हा पुन्हा लांबवली आणि ३१ जानेवारी २०२४ पासून ती कागदपत्रांपासून सुरू केली. मे २०२५ मध्ये लंडनला झालेल्या बैठकीत ब्रिटन आणि युरोपीय संघाने अन्न आणि शेतमालाच्या तपासण्या सैल करणारा करार करायचं ठरवलं. तो नीट झाला तर चेडरच्या ट्रकमागची पशुवैद्यकाची सही जाईल. कस्टमचे कागद मात्र राहतील, कारण ब्रिटन अजून संघाच्या सीमाशुल्क संघाबाहेर आहे.