उंचावरून पडलेली मांजरं आणि हिशेबात न आलेली मांजरं

मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच उतरतं, हे लहान मुलालाही माहीत असतं. भौतिकशास्त्रज्ञांना मात्र याच गोष्टीनं बराच काळ छळलं. पाय वर करून स्थिर धरलेलं मांजर अलगद सोडलं, तर सुरुवातीला त्याच्या अंगात कुठलीच गिरकी नसते. हवेत रेटा द्यायलाही काही नसतं. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, कायम राहतो हा नियम लावला, तर बाहेरून धक्का मिळाल्याशिवाय त्याला वळताच येऊ नये. म्हणून कित्येक विद्वान समजत होते, की सुटता सुटता ते माणसाच्या हातालाच रेटा देत असणार.

१८९४ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं पडणाऱ्या मांजराची क्षणाक्षणाची छायाचित्रं घेतली आणि ही समजूत मोडली. चित्रांत स्वच्छ दिसत होतं: हात सुटला तेव्हा मांजर फिरत नव्हतं. ते नंतर, अधांतरी असताना वळलं.

नियम मोडला नव्हता. नियम शरीराच्या सगळ्या भागांच्या फिरण्याच्या बेरजेला लागू होतो आणि मांजर ती बेरीज शून्यच ठेवतं. ते कमरेत वाकतं आणि शरीराचे जणू दोन भाग करतं. आधी पुढचे पाय छातीशी घेतं, मागचे लांब ताणतं. पाय आखडल्यामुळे पुढचा भाग सहज आणि खूप फिरतो. पसरलेला मागचा भाग उलट दिशेनं थोडासाच सरकतो. मग अदलाबदल: पुढचे पाय पसरतात, मागचे आखडतात आणि मागचं धड वळून पुढच्याच्या रेषेत येतं. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरले की गती मंदावते, जवळ घेतले की वाढते, तेच तत्त्व इथे दोनदा वापरलेलं आहे. या हालचालीचं नीट गणित १९६९ मध्ये टी. आर. केन आणि एम. पी. शेर यांनी मांडलं. शेपटीची थोडी मदत होत असेल, पण ती लागतेच असं नाही. बिनशेपटीची मांजरंही व्यवस्थित वळतात.

हे सगळं सेकंदाच्या एखाद्या अंशात उरकतं. वर कुठे, खाली कुठे, हे कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आणि डोळे त्याला साथ देतात. कणा विलक्षण लवचीक असतो, आणि गळ्याचं हाड नावापुरतं, मोकळं असल्यामुळे खांदे आखडत नाहीत. पिल्लं जन्मतःच हे करू शकत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरुवात होते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जमायला लागतं.

पण वळणं हा अर्धाच भाग झाला. सहाव्या मजल्यावरून पायांवर पडलेला माणूसही सहसा वाचत नाही. मांजराला वाचवतो तो त्याचा आकार. प्राण्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट झाली, तर पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. म्हणजे प्राणी जितका छोटा, तितका त्याच्या वजनाच्या मानानं हवेचा अडथळा जास्त. पडणाऱ्या वस्तूचा वेग एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो. माणसासाठी ही मर्यादा ताशी सुमारे १९० किलोमीटर आहे, तर मांजरासाठी साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. शिवाय जमिनीला टेकताना त्याचे पाय वाकलेले असतात, त्यामुळे धक्का सांधे आणि स्नायूंमध्ये वाटला जातो.

आता ज्या दाव्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडून रुग्णालयात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती सरासरी साडेपाच मजल्यांवरून पडली होती, तरी उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. एक तर ३२ मजल्यांवरून पडूनही वाचलं. चक्रावणारी गोष्ट अशी, की सात मजल्यांपर्यंत दुखापती वाढत गेल्या आणि त्याहून उंचावरून पडलेल्यांमध्ये त्या कमी दिसल्या. संशोधकांनी त्याची संगती अशी लावली: वेग वाढणं थांबलं की मांजर सैलावतं, पाय आडवे पसरतं आणि धक्का अंगभर विभागला जातो.

कल्पना सुंदर आहे आणि काही अंशी खरीही असू शकेल. पण त्यावरून ‘जितकं उंच तितकं सुरक्षित’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेणार? वीस मजल्यांवरून पडून गतप्राण झालेली मांजरं त्या आकड्यांत शिरलीच नसणार. मोजली गेली ती दवाखान्यापर्यंत जिवंत पोचलेली. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये ११९ मांजरांवर झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर उलटंच सांगतो: सातव्या किंवा त्यावरच्या मजल्यांवरून पडलेल्यांच्या दुखापती अधिक गंभीर होत्या आणि छातीला इजा होण्याचं प्रमाणही जास्त होतं.

या पडण्याला पशुवैद्यकात स्वतंत्र नाव आहे, ‘हाय-राइज सिंड्रोम’. पाय मोडणं त्यात नेहमीचं आहेच. पायांवर उतरूनही हनुवटी जमिनीवर आपटते, त्यामुळे जबडा मोडतो, टाळू फाटते, नाकातून रक्त येतं. सगळ्यांत फसवी इजा छातीची. फुप्फुसातून हवा गळून छातीच्या पोकळीत साचते आणि फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. असं मांजर सुरुवातीला धडधाकट दिसू शकतं, चालत येऊन कोपऱ्यात बसतं. श्वास उथळ आणि भरभर चालला आहे, एवढीच काय ती खूण. तेवढ्यावर न थांबता त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावं आणि छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. बहुतेक पडणारी मांजरं तरुण असतात, आणि खिडकीला नुसती डासांची सैल जाळी असेल, तर पाखरामागे झेपावणाऱ्या मांजराच्या वजनानं ती चौकटीतून सुटते. तिथे पक्की बसवलेली, मजबूत जाळी हवी.