एका चाकाला ब्रेक, दुसऱ्याला जोर

मागच्या जुलैत ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या चढावर आमची गाडी अडकली, मागचं डावं चाक लाल चिखलात नुसतं गरगर फिरतंय आणि उजवं, जे चांगलं मुरमावर टेकलेलं, ते ढिम्म. धक्का मारणाऱ्यांचे कपडे लाल झाले, गाडी तिथंच.

हे डिफरन्शियलमुळे होतं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या जोडणीमुळे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देतं, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, दोघांना सारखाच वाटून देतं. चिखलातलं चाक ५० न्यूटन मीटरमध्येच फिरतंय ना, मग मुरमावरच्याच्या वाट्याला पण ५०च!

जुना इलाज म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एलएसडी. क्लच प्लेटवाल्यात एक चाक जास्त पळायला लागलं की प्लेटा घासून त्याला आवरतात आणि टॉर्क दुसऱ्याकडे सरकतो.

आता ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, घसरणारी गाडी सावरणारं. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ते आणलं. स्टेअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय हे सेन्सर सतत ताडून बघतात, फरक पडला की कॉम्प्युटर एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो. गाडी वळायचं सोडून सरळ निघाली तर साधारण आतल्या मागच्या चाकाला, मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर बाहेरच्या पुढच्या चाकाला. नावेत एका बाजूचं वल्हं पाण्यात धरून ठेवलं की नाव त्या बाजूला वळते, तसंच.

आणि इथे दोघांचं वाजतं. ईएससी आतलं मागचं चाक धरतं, पण एलएसडीने दोन्ही मागची चाकं एकमेकांना बांधलेली, मग तो ब्रेक थोडा बाहेरच्या चाकालाही लागतो आणि गाडी वळवायचा जोर कमी पडतो. म्हणून ईएससीचं सेटिंग एलएसडी धरूनच करावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांमध्ये तर डिफरन्शियलचा क्लचच कॉम्प्युटरच्या हातात असतो, लागेल तेव्हा आवळायचा, नको तेव्हा ढिला सोडायचा.

सुझुकीच्या जिम्नी या छोट्या फोर बाय फोरची युक्ती मला जास्त आवडते. मेकॅनिकल एलएसडी नाहीच, ईएससीचाच ब्रेक पंप वापरायचा. फिरणाऱ्या चाकाला ४०० न्यूटन मीटरचा ब्रेक लावला की ते चाक फिरवायला ४५० लागतात, मग दुसऱ्यालाही ४५० मिळतात, अर्थात इंजिनात तेवढा दम हवा. खालून गुर्रगुर्र आवाज येतो, ब्रेक तापतात, पण गाडी निघते.

आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. गावातल्या एकाने सल्ला दिला, हँडब्रेक थोडा ओढून रेस दे. दिली, काही झालं नाही, कारण हँडब्रेक दोन्ही चाकांना लागतो, उजव्याला जेवढा टॉर्क जास्त मिळाला तेवढा त्याच्याच ब्रेकने खाल्ला. गंमत म्हणजे अमेरिकन लष्कराच्या हमवी या गाडीत ड्रायव्हरला शिकवतातच की चाक फिरलं तर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून ब्रेकही दाबा. तिथे टॉर्सन नावाचं गिअरवालं एलएसडी असतं, ते फिरणाऱ्या चाकाच्या काही पट टॉर्क दुसऱ्याला देतं, पण शून्याची पट शून्यच, म्हणून आधी ब्रेकने थोडा अडथळा तयार करायचा. तिप्पट धरलं तर १०० च्या ब्रेकला दुसरीकडे ३००, त्यातले १०० ब्रेकने खाल्ले तरी २०० उरतात.

आम्ही शेवटी चाकाखाली दगड घातले.